तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर होण्यासाठी कथा-चरित्रे कशाला?

एमबीबीएसच्या मुलांना आधीच मान वर करायला फुरसत नसते, त्यात तुम्ही त्यांना कथा आणि चरित्रे का वाचायला लावता, असे सहकारी विचारतात आणि पालकही विचारतात. 2019 पासून अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आले आणि वृत्ती, नीतिमूल्ये, संवाद यांना वेळापत्रकात जागा मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु आपण कसले डॉक्टर होणार, हे विद्यार्थी वॉर्डात वरिष्ठांकडे पाहूनच ठरवतो, आणि माणसाला ‘सात नंबरचे लिव्हर’ म्हणायलाही तिथेच शिकतो.

म्हणून मी टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मृत्यूची दीर्घकथा वाचून घेतो. आपल्या जिवाला धोका आहे का, एवढेच इलिचला हवे असते. डॉक्टर मात्र मूत्रपिंड सरकले आहे की आंत्रपुच्छाचा विकार आहे, यातच गढलेला असतो. इलिच स्वतः न्यायाधीश असल्यामुळे, आपण आरोपीसमोर जो चेहरा धारण करत होतो तोच हा आपल्यासमोर धारण करतो आहे, हे त्याला ओळखू येते. त्याला आराम मिळतो तो पाय खांद्यावर घेऊन बसणाऱ्या गेरासिम या नोकरामुळे. आपल्या वॉर्डातला गेरासिम कोण, असे विचारले की मुले मावशींचे नाव घेतात, रुग्णाच्या बहिणीचे घेतात. डॉक्टरचे अजून कोणी घेतलेले नाही.

ही कथा 1886 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवले की त्याच्याकडून शिकण्यासारखे काही उरत नाही, म्हणून त्यांची तसबीर बाजूला ठेवून मी काशीबाई कानिटकरांनी चरित्रासोबत छापलेली पत्रे पुढे ठेवतो. दहा दिवसांचे मूल गमावलेली, पुढे प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिणारी आणि नवऱ्याच्या वागण्याबद्दल त्यालाच स्पष्ट लिहिणारी बाई त्यांत भेटते. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हाती असताना 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्या क्षयाने गेल्या.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नेमणुकीचा एक दिवसही त्यांच्या वाट्याला आला नाही, मग त्या डॉक्टर कधी झाल्या?” तो तास संपला तरी मुले यावर भांडत होती. कोणी पदवीचा दिवस सांगत होते. ती स्वतः मात्र मूल गेले त्या दिवसावर अडून बसली होती.