मतमाउलीच्या वाटेने

नेवासे तालुक्यातल्या आमच्या वस्तीतून शुक्रवारी पहाटे चारला निघालो, तेव्हा भुरभुर पाऊस चालू होता. आम्ही सतरा जण होतो. पुढे निळा-पांढरा झेंडा, त्यामागे ढोलकी आणि टाळ, मग बायका आणि सगळ्यात शेवटी आत्या. आत्या आता सत्तरीला आली आहे. दर सप्टेंबरात ती हरेगावला पायी जाते. "गाडीनं गेलं तरी माउली भेटतीच की," असं मी म्हणाले, तर तिनं उत्तरच दिलं नाही, जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

8 सप्टेंबर हा येशूच्या आईचा, पवित्र मारियेचा जन्मदिवस. आमची मतमाउली ती हीच. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला, संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची यात्रा भरते. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. 1949 साली जेसुइट, म्हणजे येशूसंघाचे, फादर जेराल्ड बाडर यांनी ही यात्रा सुरू केली. मुंबईचे कोळी वांद्र्याच्या माउंट मेरीला मोतमाउली म्हणतात. आमच्या 'मतमाउली'चं गोत्र तेच असावं. 'माउली' हा शब्द मात्र कुठून आणावा लागला नाही, तो इथल्या मातीतच होता. नेवाशात पैस खांबाजवळून जाताना आत्या थांबली, चप्पल काढली, हात जोडले. ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती इथेच. "हीबी माउलीच," ती म्हणाली आणि चालू लागली.

टाकळीभानच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही अंगाला ऊस सुरू झाला. आत्याचं तोंड तिथं उघडलं. उसाशी तिचं जुनं नातं आहे. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी या कोरडवाहू पट्ट्यात फिरलं आणि हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्या उसावर वाढला. उसाला हात लागतात. दुष्काळानं मोडलेली माणसं आपापल्या गावचा महारवाडा-मांगवाडा सोडून इथं आली, त्यांत आमचे आजोबा होते. गावात त्यांना वेशीबाहेरचं जगणं होतं. इथं कंपनीच्या वाडीत आठवड्याला रोख पगार होता, आणि मिशनची शाळा होती.

आमचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा ख्रिस्ती समाज, असा उभा राहिला. त्यात धर्मांतराचा कुठला एक मोठा दिवस आत्याला सांगता येत नाही. ती सांगते ते मास्तरांविषयी. मिशनचा मास्तर दिवसा बाराखडी शिकवायचा, संध्याकाळी कंदील घेऊन वाडीवाडीवर प्रार्थना घ्यायचा, कुणी आजारी पडलं की तोच पहिला धावायचा. फादर महिन्या-दोन महिन्यांतून यायचे, घोड्यावर नाहीतर सायकलवर. नगर जिल्ह्यात आधी जर्मन जेसुइट होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्यांना शत्रुदेशाचे म्हणून कैदेत टाकलं, मायदेशी धाडलं. पुढं स्वित्झर्लंडहून फादर आले. मधल्या काळात श्रद्धा टिकली ती मास्तरांमुळे आणि घरोघरच्या बायकांमुळे, असं मला ठाम वाटतं. चर्चच्या भिंतीवरच्या पाट्यांवर ही नावं फारशी सापडत नाहीत. याची मला खंत आहे.

तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. आजीला त्यातलं एक अक्षर कळत नसे, तरी ती शेवटपर्यंत गुडघ्यावर असायची. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि आत्या म्हणते, "तवा कळलं फादर इतकी वर्षं काय म्हणत हुते." ढोलकी-टाळ चर्चमध्ये आले तेही त्याच सुमारास.

याच हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते. आजोबा त्या सभेला गेले होते, गळ्यात क्रूस घालून. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही. पुढे 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळलं गेलं. 1956 नंतर आमची भावकी दोन वाटांनी गेली, काही बौद्ध, काही ख्रिस्ती. माझ्या भावाला जातीच्या दाखल्यापायी एका कार्यालयातून तीनदा परत यावं लागलं होतं. गावानं मात्र आमची जात कधीच मिटवली नव्हती. ही जखम आमच्यात प्रत्येकाच्या घरी आहे. तरीही त्या रात्री टाकळीभानला आमची पिठलं-भाकरी झाली ती एका बौद्ध चुलत्याच्या अंगणात, आणि सकाळी त्याची सून आमच्यासोबत निघाली. तिचा नवस होता.

शनिवारी ऊन तापलं. माझ्या टाचेला फोड आला. आत्यानं हळद-तेल लावून फडकं बांधलं. भोकर मागं पडलं. हरेगाव फाट्यावर पोचलो तर रस्ता माणसांनी भरलेला. संभाजीनगर, जालना, नाशिक, पुण्याकडून आलेल्या पायी दिंड्या, कडेवर लेकरं, हातात मेणबत्त्यांचे जुडगे. ओळख ना पाळख, तरी जो तो "जय ख्रिस्त" म्हणत होता.

कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली. कंपनीची जमीन 1963 साली निघालेल्या शेती महामंडळाकडे गेली, वाड्यांतली माणसं पोटामागं पुण्या-मुंबईला पांगली. ज्या कामानं हा धर्मग्राम जमवला ते कामच उरलं नाही. 1987 साली नाशिकचा धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला आणि नगरच्या मातीतले थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले, तेव्हा आत्यानं वाडीत गूळ वाटला होता. आता त्या वाडीत वाटायला चार घरं आहेत.

पापनिवेदनाची रांग लांब होती. मी रांगेत उभी राहिले. कशासाठी आले होते, ते इथं सांगत नाही. मेणबत्ती लावली तेव्हा हात थरथरले आणि रडू आलं, एवढंच.

मिस्सा संपल्यावर आत्या कुठं दिसेना. शोधत गेले तर आवाराच्या कडेला लिंबाखाली तिनं पटकूर पसरलं होतं. भाकरीचं गठुडं सोडलेलं, ठेचा मधोमध. समोरून जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला ती थांबवत होती आणि विचारत होती, "अगं ए बाई, तू कुठल्या वाडीची?"