नळी कापायची की दुसरं रिव्हॉल्वरच घ्यायचं?

माझ्याकडे सहा इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर आहे, इथे टेक्सासमध्ये रेंजवर मस्त चालतं पण समोर जड लागतं, दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. म्हणून डोक्यात आलं, दोन इंच कापून टाकू, पाइपच तर आहे!

गनस्मिथकडे गेलो तर त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीच्या टोकावरून बोट फिरवलं. म्हणे, नेम धरायची माशी इथेच आहे, ती नळीबरोबर जाणार, मग नवी माशी बसवायची, टोकाची कड पुन्हा एकसारखी घासायची कारण तिथे जरा तिरकं झालं की गोळी भरकटते, आणि वर निळा मुलामा. शिवाय गोळीचा वेग कमी, आवाज आणि भडका जास्त. एवढ्या मजुरीत जुनं चार इंची आलंच की, आणि सहा इंची विकायलाही शिल्लक!

डॅन वेसन कंपनीच्या रिव्हॉल्वरची गोष्ट वेगळी. त्यांची नळी टोकाशी नटने आवळलेली असते, बाहेरून वेगळं आवरण, त्यामुळे एकाच फ्रेमवर घरच्या घरी लांबी बदलता येते, फक्त गोळ्यांचा फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट गेज लावून नीट ठेवायची. भारी डोकं लावलंय.

कोल्हापूरचा काका फोनवर म्हणाला, आपल्याकडे कर बघू असलं काही! खरंय, १९५९ च्या शस्त्र कायद्यात नळी आखूड करायलाच वेगळं लायसन्स लागतं.

तर मी आता वापरलेलं चार इंची शोधतोय.