१२ बाइटचं हेडर, त्यात काय एवढं?

फोनमधल्या फायली केबलने कॉम्प्युटरवर आणायच्या आणि इकडच्या तिकडे टाकायच्या, एवढ्यासाठी एक स्क्रिप्ट लिहायची होती. लिबएमटीपी नावाची तयार लायब्ररी आहे, ती घेतली असती तर संध्याकाळपर्यंत मोकळा झालो असतो, पण मला नसती खाज, म्हटलं एमटीपीची (फोन आणि कॉम्प्युटर यूएसबीवरून फायलींची देवघेव करतात तो प्रोटोकॉल) पॅकेट आपणच पायथनमध्ये बांधू. हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, १२ बाइटचं तर आहे. पहिले ४ बाइट लांबी, मग २ बाइट प्रकार (१ कमांड, २ डेटा, ३ रिस्पॉन्स, ४ इव्हेंट), २ बाइट ऑपरेशनचा कोड आणि ४ बाइट ट्रान्झॅक्शन आयडी (व्यवहाराचा क्रमांक). कागदावर पोरखेळ वाटतो.

पहिली कमांड ओपनसेशन, म्हणजे फोनशी बोलणं सुरू करणारी. पाठवली, टाइमआउट. केबल काढली, लावली, परत टाइमआउट. फाइल मॅनेजर आधीच फोन धरून बसतो ती कटकट वेगळीच, तो बंद केल्याशिवाय इंटरफेस हातात येत नाही. शेवटी वायरशार्क (केबलवरून जाणारे बाइट दाखवणारं टूल) लावलं तर माझ्या पॅकेटची सुरुवात ०० ०० ०० १० अशी (हे हेक्समध्ये, १६ च्या पायावर, म्हणून १० म्हणजे १६). इतकी वर्षं नेटवर्कचं काम केलेलं, त्यामुळे हात आपोआप बिग एंडियनवर (आकड्याचा मोठा बाइट आधी) गेला होता आणि इथे सगळं लिटल एंडियन (लहान बाइट आधी). मी म्हणत होतो १६ बाइट, फोन वाचत होता २६,८४,३५,४५६ बाइट आणि बिचारा उरलेले येतील म्हणून वाट बघत होता. बरोबर पॅकेट हे असं:

१० ०० ०० ०० ०१ ०० ०२ १० ०० ०० ०० ०० ०१ ०० ०० ००

लांबी १६ (हेडर धरून, नुसत्या पॅरामीटरची नाही, तिथेही मी एकदा आपटलो), प्रकार १, कोड हेक्समध्ये १००२, ट्रान्झॅक्शन ०, सेशन नंबर १. उत्तरात हेक्स २००१ आलं, म्हणजे ओके. खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

पण दुरुस्ती करताना मी आळस केला. स्ट्रक्टच्या (आकड्यांचे बाइट बनवणारं पायथनचं मॉड्यूल) फॉरमॅटमध्ये सुरुवातीला ग्रेटर दॅनचं चिन्ह होतं, म्हणजे बिग एंडियन, ते लेस दॅन, म्हणजे लिटल एंडियन, करायच्या ऐवजी सरळ खोडून टाकलं, कारण माझं मशीन लिटल एंडियनच आहे, मग चिन्ह कशाला. फायलींची यादी आली, फायली उतरवून झाल्या, सगळं छान. फाइल पाठवायला गेलो आणि हेक्स २००२, जनरल एरर. हा एरर म्हणजे पोटात दुखतंय, कुठे ते सांगणार नाही.

फाइलच्या आधी तिची माहिती पाठवावी लागते, कमांड आणि मग डेटा, दोन्हींचा कोड आणि ट्रान्झॅक्शन आयडी तोच, फक्त प्रकार १ च्या जागी २. ते सगळं बरोबर होतं. माहितीत आधी ठरलेल्या आकाराची खाती (फील्ड) आणि मग फाइलचं नाव. ही खाती मोजली तर ५२ बाइट भरायला हवेत, माझे ५६ भरत होते. दोन तास कोड वाचला, कळेना. चिन्ह नसलं की पायथन सी कंपायलरसारखं अलाइनमेंट करतो, म्हणजे २ बाइटच्या खात्यानंतर ४ बाइटचं आलं की मध्ये २ रिकामे बाइट घुसवतो, आणि अशा दोन जागा होत्या. हेडरमध्ये ४, २, २, ४ असा क्रम असल्यामुळे तिथे काहीच घुसत नाही, म्हणून तिथे माझा आळस खपून गेला. फोन नाव शोधायला ५३ व्या बाइटवर जायचा आणि त्याला तिथे ० मिळायचा, म्हणजे बिननावाची फाइल. लेस दॅन टाकलं, झालं.

नाव लिहायचीही तऱ्हा आहे, आधी एक बाइट अक्षरांची संख्या, शेवटचा नल (नाव संपल्याची खूण म्हणून ०) धरून, मग नाव यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे एका जागेला २ बाइट. बहुतेक इमोजी मात्र दोन जागा घेतात आणि पायथनचं लेन (लांबी मोजणारं फंक्शन) त्यांना एकच मोजतं. गंमत म्हणजे नावात एक इमोजी असला तर चालून जायचं, कारण नुसता शेवटचा नल कापला जायचा, दोन असले की फोन नाकारायचा. आता एन्कोड केलेल्या बाइटला २ ने भागतो आणि नलचा १ मिळवतो.

सगळ्यात जास्त छळलं ते ५०० बाइटच्या टेस्ट फाइलने. ४९९ ची जाते, ५०१ ची जाते, ५०० ची अडकते. मला वाटलं केबल गेली. ५०० अधिक हेडरचे १२ म्हणजे ५१२, हाय स्पीड यूएसबीचं (यूएसबी २) बल्क पॅकेट, म्हणजे एका वेळी जाणारा डेटाचा जास्तीत जास्त तुकडा, बरोबर तेवढंच. छोटं पॅकेट आलं की माल संपला, असं माझा फोन समजतो आणि इथे छोटं पॅकेट कधी येतच नव्हतं. मग शेवटी शून्य लांबीचं एक रिकामं पॅकेट पाठवायचं. ५१२ हा आकडा कोडमध्ये ठोकून ठेवू नका, यूएसबी ३ वर तो १०२४ असतो, एंडपॉइंटच्या डिस्क्रिप्टरमधून (डेटा जातो त्या वाटेची फोनने दिलेली माहिती) वाचा.

त्या तीन फायली अजून फोल्डरमध्ये आहेत, कोडला हात लावला की आधी त्या पाठवतो.