पार्किंगातला डंक

एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे कोल्हापुरात चटणीचा हंगाम ऐन भरात. त्या गल्लीत गिरणीचा पत्ता विचारावा लागला नाही, ठसक्यानंच वाट दाखवली. दारात डब्यांची रांग, प्रत्येकावर खडूनं आडनाव आणि किलो. आत डंकाची, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्राची, मुसळं धाडधाड पडत होती. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून परवाना निरीक्षक अकराला जागेवर येणार होते आणि गिरणीच्या परवाना-अर्जाची फाईल मालकांच्या वतीनं माझ्या हातात आदल्या रात्री पडलेली.

"शॉप ॲक्ट हाय की आमच्याकडं," मालकीणबाईंनी लॅमिनेट केलेला कागद पुढं केला. दहातले आठजण हेच म्हणतात. शॉप ॲक्ट कामगार खात्याचा. 2017 च्या कायद्यानं लहान दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते, आणि त्या पावतीनं जागा कायदेशीर ठरत नाही. फूड लायसन खाण्याच्या पदार्थापुरतं. वीज लावून यंत्र चालवायचं तर महापालिका अधिनियम 1949 चं कलम 313 आणि त्रासदायक धंद्यांचं कलम 376 लागू होतं, त्याचा परवाना वेगळा.

मालकांचा भरवसा दुसऱ्याच कागदावर होता. "साहेब, घरफाळा कमर्शियल दरानं भरतोय. एक दिवस थकवला नाही." ही समजूत फार महागात पडते. फाळा जागेच्या वापरावर बसतो, परवानगीवर नाही. विनापरवाना बांधकामावर तर कलम 267 अ खाली फाळ्याच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

दोघांना खरी धास्ती झोनची, म्हणजे जागा कुठल्या वापर विभागात येते याची. रस्ता अरुंद, म्हणून गिरणीच बंद करतील, असं गल्लीत कुणीतरी डोक्यात भरवलेलं. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रहिवास विभागाचे दोन भाग आहेत. दाट वस्तीत 9 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरचा भूखंड आर-1, 9 किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचा आर-2. दाट वस्तीबाहेर हाच आकडा 12 मीटर. आर-2 मध्ये धंद्यांना बरीच मोकळीक. निरीक्षकांनी टेप लावला, डांबर भरलं 6.20 मीटर. मालक पांढरे पडले. पण रस्ता डांबराच्या काठापासून मोजायचा नसतो, या हद्दीपासून समोरच्या हद्दीपर्यंत मोजायचा. दोन्ही बाजूंचे कट्टे, पायऱ्या, तुळशीवृंदावन असं सगळं रस्त्याच्याच जागेत आलेलं. भाग नकाशा, म्हणजे त्या भागाचा अधिकृत नकाशा, उघडून हद्द धरली तर 9.15 मीटर, म्हणजे जुना तीस फुटी रस्ता. गल्ली दाट वस्तीतली, त्यामुळं झोनचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला.

मग निरीक्षक डंकाच्या मोटारीजवळ बसले. मोटारीच्या पट्टीवर मिरचीच्या भुकटीचा तेलकट लाल थर चढलेला. अंगठ्यानं पुसला, आकडा निघाला 7.5 अश्वशक्ती. अर्जात लिहिलेलं 5. "पहिली जळली, मग ही घेतली," मालक म्हणाले. आटाचक्कीची 5 आणि पल्व्हरायझरची, म्हणजे मसाला दळायच्या यंत्राची, 3 धरून एकूण 15.5 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे साडेअकरा किलोवॅट. वीजबिलावर मंजूर भार होता साडेसात किलोवॅट. त्याच नियमावलीतल्या सेवा उद्योगांच्या तक्त्यात प्रत्येक धंद्यापुढं अश्वशक्ती, कामगार आणि क्षेत्रफळ अशा तिन्ही मर्यादा छापलेल्या असतात. एक ओलांडली तरी अर्ज अडकतो, आणि बेरीज सगळ्या मोटारींची होते. मोटार बदलली की महावितरणकडं वाढीव भाराचा अर्ज आधी द्यावा. वीज मंजुरीपेक्षा वेगळ्या कामाला वापरताना सापडली, तर विद्युत अधिनियमाच्या कलम 126 खाली आकारणी दुप्पट दरानं होते.

हेही निस्तरता आलं असतं. घात झाला शेवटच्या कागदात. इमारतीचा मंजूर नकाशा पसरला. दर्शनी 11 बाय 14 फुटांच्या खोलीत 'दुकान' लिहिलेलं. तिथं चक्की आणि पल्व्हरायझर होतं, म्हणजे तेवढं बरोबर. डंक मात्र मागच्या पत्र्याखाली, आणि नकाशात तिथं तुटक रेषांचे चार चौकोन: दुचाकी पार्किंग. पार्किंगच्या जागेवर धंद्याचा परवाना मिळत नाही, मग झोन कुठलाही असो. मी आदल्या रात्री घरफाळ्याचा उतारा, वीजबिल, प्रॉपर्टी कार्ड सगळं तपासलं होतं, फक्त हा नकाशा फाईलमध्ये नव्हता. तो आधी मागायला हवा होता, चूक माझी.

तक्रारदार काकूंचं म्हणणंही ऐकण्यासारखं निघालं. ठसक्याबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. "मांडणीवरची भांडी नाचतात हो, पहाटे पाचपासून." कारण डंक पार्किंगच्या फरशीवर थेट बोल्ट मारून बसवलेला, आणि फरशी इमारतीच्या खांबांना जोडलेली. मुसळाचा प्रत्येक ठोका खांबातून वर चढायचा. डंकाला स्वतंत्र खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा हवा, खांबापासून सुटा, खाली रबराचे पॅड. पहाटे पाचची वेळ तर आवाजाच्या नियमात रात्रच धरतात. दिवस सहाला सुरू होतो, रात्री दहाला संपतो. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. डंकाशेजारी माझ्या मोबाइलवर ऐंशीच्या वर दिसत होतं. मोबाइलचा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, पण अंदाज येतो.

भुकटीचा पंखाही नेमका काकूंच्या स्वयंपाकघराकडं फुंकत होता. सायक्लोनच्या, म्हणजे हवेतून भुकटी वेगळी करणाऱ्या नरसाळ्याच्या, तोंडाला कापडी पिशवी होती, पण चटणीत खोबरं-तीळ असल्यानं तेलानं ती गच्च बसलेली. वारा पिशवीतून जाईना, फटीतून भुकटी बाहेर. हंगामात पिशवी रोज झटकावी, आठवड्याला सोड्याच्या गरम पाण्यात धुवावी, आणि जोडीला दुसरी ठेवावी.

दुपारी पंचनामा झाला. डंक सात दिवसांत हलवायचा, चक्की आणि पल्व्हरायझरसाठी सुधारित अर्ज. त्या दोघांची बेरीज 8 अश्वशक्ती, म्हणजे सहा किलोवॅटच्या आत, त्यामुळं मंजूर भार पुरला. अर्जाला मोटारींच्या पट्ट्यांचे फोटो, दुकानाच्या खोलीभोवती लाल रेघ मारलेली मंजूर नकाशाची प्रत आणि पार्किंग रिकामं केल्याचा फोटो जोडला. डंकासाठी शिवाजी उद्यमनगरात गाळा बघितला, भाडं परवडेना. शेवटी तो मालकांच्या मेहुण्यांच्या औद्योगिक शेडमध्ये गेला, या वेळी खड्डा खणून. गल्लीतले डबे आता सकाळी टेम्पोतून तिकडं जातात. खडूची आडनावं हिंदकळून पुसतात, म्हणून मालकीणबाईंनी पत्र्याचे नंबर करून घेतलेत.