न वाकणारी बंदूक पाहायला सेंत-एतिएनला

आमच्या घरी, सावंतवाडीकडे, आजोबांच्या वेळची डबल बारची बंदूक होती. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. काडतूस भरायला ती मधोमध वाकवावी लागे आणि तिथेच तिचं दुखणं होतं. बंद करून नळ्या धरून हलवल्या तर आतून खुळखुळ ऐकू येई. वडील म्हणायचे, "हिचे सांदे गेले."

पुढे टूलरूममध्ये नोकरीला लागलो तेव्हा सांधे का जातात ते कळलं. बार उडतो तेव्हा जोर नळीच्या रेषेत लागतो, पण बिजागरीची पिन असते त्या रेषेच्या खाली. म्हणजे दर बाराला सांधा उघडायचा प्रयत्न होतो. पिन झिजते, नळ्यांचं तोंड आणि मागची भिंत यांत फट पडते. या झिजेवर सेंत-एतिएनच्या रेजी दार्न या फ्रेंच कारागिराने वेगळाच तोडगा काढला होता, हे वाचल्यापासून ती बंदूक हातात घेऊन पाहायची होती. ऑक्टोबरात कामासाठी ल्योंला जाणं झालं आणि मी दोन दिवस रजा जोडून घेतली.

ल्योंच्या पार-दिऊ स्टेशनवरून सेंत-एतिएनच्या शातोक्रो स्टेशनपर्यंतचा लोकल गाडीचा प्रवास पाऊण तासाच्या आसपास आहे. गाड्या भरपूर, आरक्षणाची गरज नाही. पॅरिसहून थेट वेगवान गाडीही मिळते, साधारण तीन तास. शहर पाचशे मीटरहून उंचावर आहे; ल्योंमध्ये शर्टावर फिरत होतो, इथे उतरल्या उतरल्या जाकीट चढवावं लागलं. स्टेशनसमोरून ट्राम घ्या आणि प्लास द्यु पप्लला उतरा. इथली ट्राम १८८१ पासून चालू आहे, रूळ मीटर गेजचे, डबे अरुंद. तिकीट आत चढल्यावर मशीनला लावायला विसरू नका.

सोमवार मात्र टाळा. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं आणि बरीचशी दुकानंही. ऑगस्टमध्ये छोटे कारागीर सुट्टीवर जातात, तोही महिना नको.

बंदुका इथेच का? जमिनीखाली कोळसा, आणि गावातून वाहणारी फ्युरां नदी. भट्टीला एक, पोलाद विझवायला दुसरी. नदी आता शहराखाली झाकून टाकली आहे, ती दिसत नाही. राजाचा शस्त्र कारखाना १७६४ मध्ये सुरू झाला, आणि राज्यक्रांतीच्या काळात तर शहराचं नावच काही काळ 'आर्मव्हिल' म्हणजे शस्त्रपूर होतं. सरकारी कारखान्याच्या जागेवर आज सिते द्यु दिझाइन हे डिझाइनचं केंद्र आहे. पण शिकारी बंदुका मुख्यतः लहान कारखान्यांत आणि घरोघरच्या कर्मशाळांत व्हायच्या. एक जण नळी घासणार, दुसरा दस्ता बसवणार, तिसरा नक्षी कोरणार. त्याच गल्ल्यांत फीत विणणारेही राहायचे. क्रे द रॉकच्या चढावर त्यांची घरं पाहिली. उंच मागाला जागा आणि उजेड मिळावा म्हणून खिडक्या जवळजवळ छतापर्यंत. चढ दमवणारा आहे, पण चुकवू नका.

कला आणि उद्योग संग्रहालय प्लास लुई-कोंतवर आहे. शस्त्रं, सायकली आणि फिती असे तीन विभाग. आजच्या घडणीची फ्रान्समधली पहिली सायकल १८८६ मध्ये याच शहरात झाली असं मानतात, म्हणून सायकली. माझी सगळी दुपार शस्त्रांच्या मजल्यावर गेली. मानुफ्रांस या इथल्याच कंपनीची 'इदेआल' आणि 'रोब्युस्त' बारकाईने पाहा. दोन्ही सुंदर, पण वाकणाऱ्या. मग दार्नकडे या, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो.

रेजी दार्नने १८८१ मध्ये धंदा सुरू केला आणि १८९४ मध्ये सरकत्या पाठीच्या रचनेचं पेटंट घेतलं. बंदुकीच्या नळ्या जागच्या हलतच नाहीत. फ्रेंच लोक तिला 'कानों फिक्स', म्हणजे स्थिर नळ्यांची, म्हणतात. विचारताना हाच शब्द वापरा, लगेच समजतं. दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागावर, एक तरफ असते, तिला दोन बाजूंना पकडायला कान. ती उचलून मागे ओढली की नळ्यांमागचा पोलादी ठोकळा आपल्या घरातला खण बाहेर यावा तसा खाचांतून मागे सरकतो. त्याच ओढीत घोडे चढतात आणि उडवलेली काडतुसं नळीतून निघतात. नवी भरा, ठोकळा पुढे लोटा, तरफ दाबा. शेवटच्या बोटभर अंतरात तरफेचा जोर इतका असतो की पावसात फुगलेलं कागदी काडतूसही दाबून जागेवर बसतं. बाराचा धक्का थेट मागच्या ठोकळ्यावर येतो. बिजागरीच नाही, तर ती ढिली होणार कशी!

दार्न बंदुकांत 'आर' ही साधी जात, 'व्ही' ही उंची. व्ही-१९, व्ही-२१, व्ही-२२ असे चढते दर्जे आणि नक्षीही चढती. थोरला मुलगा फ्रान्सिस्क स्वतंत्र बंदुका करायचा, त्यांवर 'एफ. दार्न, फिस अॅने' म्हणजे 'थोरला मुलगा' असं कोरलेलं असतं. ती मूळ कारखान्याची बंदूक नव्हे, हे ध्यानात ठेवा. शार्लें या दुसऱ्या कारागिराची बंदूकही पहिल्या नजरेत अशीच वाटते. दार्नचा कारखाना १९८० च्या सुमारास बंद पडला, आणि तिथेच काम केलेल्या पॉल ब्रुशे यांनी पुढे त्याच पद्धतीच्या बंदुका घडवत राहून ती विद्या मरू दिली नाही. मला त्यांचं काम दार्नइतकंच मोलाचं वाटतं.

जेवायला रापे मागा. किसलेल्या बटाट्याचं अंडं घातलेलं जाड धिरडं, कडा कुरकुरीत. शुद्ध शाकाहारी असाल तर अंड्याबद्दल आधी विचारून घ्या.

विकत घ्यायचा मोह इथे आवरा. भारतात बंदूक आणणं म्हणजे परवाना, आयात आणि कस्टम या तिन्हींचा प्रश्न. आठवण म्हणून काडतुसाचं रिकामं कवचसुद्धा बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडकाल. जे युरोपात राहतात आणि रीतसर परवान्याने घेणार आहेत, त्यांनी नळ्या काढून खालचे शिक्के पाहावेत. बंदुका तपासणाऱ्या सेंत-एतिएनच्या चाचणीगृहाच्या शिक्क्यात मुकुट आणि शहराचं नाव असतं. 'पीटी' ही अक्षरं धूरविरहित दारूची चाचणी सांगतात. दुसरं म्हणजे जुन्या फ्रेंच बंदुकांचं काडतुसाचं घर बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० चं काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. घर मोजल्याशिवाय बार काढू नका.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला एका जुन्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात गेलो. मोडक्या फ्रेंचमध्ये, मी यंत्रकामातला माणूस आहे, फक्त पाहायचं आहे, असं सांगितलं. म्हाताऱ्या मालकांनी भिंतीवरची एक आर जातीची बारा बोअर काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि माझ्या हातात दिली. पहिल्यांदा जाणवला तो हलकेपणा. नळ्यांमधली वरची पट्टी पुढे थोड्या अंतरावरच संपते, अशा पट्टीला फ्रेंचमध्ये 'प्ल्युम' म्हणजे पीस म्हणतात. तरफ ओढली. तेलाच्या पातळ थरावरून ठोकळा आवाज न करता मागे आला. पुढे लोटला तेव्हा एकच भरीव 'टक'.

मालकांची परवानगी घेऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेसात वाजले होते. वडिलांनी चष्मा लावून नीट पाहिलं, मग म्हणाले, "नळ्यो धर नि हलव बघूया."

मी दोन्ही हातांनी जोर लावून हलवल्या.

"हलता काय?"

"नाय, हलणा नाय."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "परत एकदा उघड. सावकाश."