तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या गावातच बिऱ्हाड का केलंत?

"गुर्जी, बाकीचे मास्तर गारगोटीत नाहीतर कोल्हापुरात घर बांधून अप-डाऊन करत्यात. तुम्हीच बायकापोरं घेऊन खेड्यात का राहिलासा?"

निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न जास्तच येतो. लग्नाच्या मांडवात येतो, बँकेत पेन्शनच्या रांगेत येतो. विचारणाऱ्याकडं उत्तर बहुधा आधीच तयार असतं: त्याग, ध्येय, गोरगरिबांची पोरं. सत्कारात हे शब्द मी निमूट ऐकून घेतो आणि शाल-नारळ घेऊन घरी येतो. पण खरं सांगायचं तर मी गावात राहिलो ते शाळेसाठी नव्हे, घरासाठी. शाळेला त्याचा फायदा झाला, तो वरकड.

नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत, भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला. कोल्हापूर ते तालुक्याचं गाव गारगोटी पन्नासेक किलोमीटर, आणि आमची गावं त्याच्याही पुढं. अप-डाऊन करायचं म्हणजे पोरी उठायच्या आत घर सोडायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं. दुसऱ्यांच्या पोरांचे पाढे रोज घ्यायचे आणि स्वतःच्या पोरींचे रविवारी, हे मला पटेना. म्हणून जिथं बदली तिथं बिऱ्हाड.

आणि म्हैस. हिच्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. पगार कधी महिन्याच्या कोणत्या तारखेला येईल याचा नेम नसायचा. दुधाचं बिल, म्हणजे घातलेल्या दुधाचे पैसे, मात्र दर दहा दिवसांनी ठरलेले. सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत दूध घालायचं, तिथून ते गोकुळला, म्हणजे जिल्हा दूध संघाला. किराणा, वह्या, पोरींचे कपडे सगळं त्या बिलावर. दिवाळीआधी दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, मिळायचा, त्यातून थोरलीची सायकल आली. धार आमच्या मंडळी, म्हणजे सौभाग्यवती, काढायच्या, वैरणीचा भारा मी आणायचो. बदली झाली की टेम्पोत आधी म्हैस चढायची, मग कपाट. एका गावात तर लोकांनी मला बघायच्या आधी म्हैस बघितली, आणि कासेवर हात फिरवून एक आजोबा म्हणाले, "मास्तर बरा दिसतोय."

वैरणीच्या निमित्तानं बांधावर गेलं की शाळेचं निम्मं काम तिथंच व्हायचं. जुलैत रोपलावण सुरू झाली की मोठ्या पोरी शाळेतून गायब. धाकटं भावंड सांभाळायचं, शेतावर भाकरी पोचवायची. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न घालणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता. माझ्याकडं दंडाची पावती नव्हती. पण कुणाची लावण कुठल्या दिवशी, पैरा कुणाशी, म्हणजे कोण कुणाच्या शेतात आळीपाळीनं राबणार, हे मला ठाऊक असायचं. बांधावर उभं राहून म्हणायचं, "लावण गुरुवारपर्यंत उरकती न्हवं? मग शुक्रवारी पोरगी पाठवा. आणि धाकट्याला संगं येऊ दे, बसंल वर्गात." दीड-दोन वर्षांचं पोर वर्गात खडू चघळत बसलेलं एका साहेबांनी तपासणीला पाहिलं. त्यांनी शेरा काय लिहिला तो राहू द्या. पोरगी हजर होती.

पावसाळ्यात तर अप-डाऊनवाल्यांचे हालच. आमच्याकडं नदी ओलांडायची ती पुष्कळ ठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून. पावसाच्या तोंडावर त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, तरी जोराचा पाऊस लागला की बंधारा पाण्याखाली. मग पलीकडून येणारा मास्तर दोन गावांचा वळसा घालून भिजत यायचा, नाहीतर यायचाच नाही. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. मी चप्पल घालून शाळेत पोचायचो, यात माझा पराक्रम तो काय?

शिष्यवृत्तीच्या अभ्यासाचं मात्र गावात राहिल्यामुळंच जमलं. तेव्हा परीक्षा चौथीला आणि सातवीला होती. मधे २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. जेवणं झाली की पोरं गोधडी काखोटीला मारून शाळेत यायची, दहापर्यंत गणितं सोडवून तिथंच झोपायची. वीज गेली की कंदील. माझ्या पोरीही त्यांच्यातच असायच्या. आता 'रात्र अभ्यासिका' म्हणून फलक लावून फोटो काढतात. आम्ही नाव काही दिलं नव्हतं.

पोरींना याची झळ बसली, ते लपवत नाही. बापच वर्गात. शाळेत 'गुर्जी', घरी 'अण्णा', हा नियम. धाकटीनं एकदा जेवताना विचारलं, "अण्णा, तुम्ही मला फळ्याजवळ कधी बोलवत का न्हाईसा?" उत्तर बरोबर आलं तर म्हणणार मास्तरची पोर, चुकलं तर म्हणणार मास्तरची पोर असून! हे नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी बोलावलं. भागाकार चुकवला तिनं, आणि वर्गाला तिचं बापाशी काही साटंलोटं नाही याची खात्री पटली.

शिक्षकानं मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहावं असा शासनाचा आग्रह आहेच, आणि तो तिथं राहतो अशा ग्रामसभेच्या ठरावाची मागणीही होते. कागदावर सगळेच मुख्यालयी राहतात. नियमानं कोणी गावाचा होत नाही. कित्येक गावांत भाड्यानं खोली मिळायची नाही, मिळाली तर संडास नसायचा. आणि आता नवरा-बायको दोघं नोकरीला, एकाची शाळा चंदगड तालुक्यात, दुसऱ्याची लांब तिकडं कागलात. त्यांनी बिऱ्हाड करायचं कुठं? म्हणून तरुण शिक्षक विचारतात तेव्हा "राहाच" असं मी सांगत नाही. "गावात दूध संस्था आहे का आणि एसटी किती वाजता, ते आधी बघा" म्हणतो.

मंडळींना विचाराल तर त्या वेगळंच सांगतील. दाखल्याच्या अर्जापासून सोयरिकीच्या पत्रापर्यंत गाव सगळं लिहून घ्यायला आमच्या सोप्यात बसायचं, आणि चहा त्यांनी करायचा. "ह्यांची शाळा पाच वाजता सुटायची, माझी साडेपाचला भरायची," हे त्या पाहुण्यांसमोर अजून ऐकवतात. मी मान्य करतो. दुधाचं बिलही त्यांच्याच नावावर निघायचं, हेही सांगतो.