भाकरी अठरा तास थांबत नाही: माझा ऑडिशनचा अनुभव

कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खायची असते, हे आमच्या जळगावकडच्या लहान पोरालाही कळतं. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं ते पीठ, गार झालं की कडा वळतात आणि मधे हात लावला तर तुकडा पडतो. ही भाकरी आणि भरीत घेऊन मी टीव्हीवरच्या एका पाककला स्पर्धेच्या ऑडिशनला मुंबईला गेले होते. स्पर्धेचं नाव घेत नाही. पण तिथे काय झालं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि पुढे कुणी जाणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल.

फॉर्म ऑनलाइन भरला, आठवड्यात फोन आला, तारीख मिळाली. त्यात काही अडलं नाही. नियम असा होता की पदार्थ घरून शिजवून आणायचा. तिथे गॅस नाही, शेगडी नाही, मायक्रोवेव्हसुद्धा नाही. ताट मांडायला पाच मिनिटं.

रात्री नऊला भाकऱ्या टाकल्या. वांगी आमची हिरवी, लांबट, भरताची. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. संध्याकाळी दिरांनी ती कपाशीच्या काड्यांवर भाजून दिली. मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून भरीत केलं, डबे भरले आणि रात्रीची गाडी पकडली. सकाळी साडेसातला उपनगरातल्या एका हॉलच्या बाहेर रांगेत उभी होते. हातात 212 नंबरचा कागद.

आणि मग थांबणं. नऊ वाजले, दहा वाजले. आधी कॅमेरावाल्यांना गर्दीचं शूटिंग करायचं होतं, म्हणून आम्हाला तीनदा हात हलवून ओरडायला लावलं. अकराला कळलं की फक्त चाळीस नंबर झालेत. मी डबा उघडून पाहिला. भाकरीच्या कडा वर आल्या होत्या. ओला रुमाल गुंडाळला, त्याने मधला भाग चिवट झाला. परत सोडला. समन्वयक म्हणून एक मुलगा फिरत होता, त्याला म्हटलं, "दादा, एक तवा गरम करायची सोय होईल का? दोन मिनिटं लागतील." तो म्हणाला, "आंटी, सगळ्यांना सेम रूल आहे."

सगळ्यांना सेम रूल. हे वाक्य मला अजून टोचतं. माझ्या शेजारी पवईची एक मुलगी बसली होती, अगदी गोड. तिचा चीजकेक बर्फाच्या पेटीत होता. ती सकाळी घरातून निघून टॅक्सीने पाऊण तासात आली होती. तिच्या पदार्थाला गारच राहायचं होतं, आणि तो छान गार होता. तिने मला स्वतःजवळची कोथिंबीर दिली, कारण माझी काळी पडली होती. तिच्यावर माझा राग नाही. राग त्या नियमावर आहे. कागदावर तो सगळ्यांना सारखा दिसतो, पण चीजकेक, पुडिंग, सॅलड यांना तो सोपा जातो आणि तव्यावरच्या, चुलीवरच्या स्वयंपाकाला मारून टाकतो. जळगाव, नंदुरबार, गडचिरोलीहून येणाऱ्या बाईचं अन्न मुंबईतल्या बाईच्या अन्नापेक्षा बारा तासांनी शिळं असणारच. मग पडद्यावर 'आम्हाला गावाकडची चव सापडत नाही' असं म्हणायचं कशाला? ती दारातच गार होते.

(पाण्याची बाटली मोठी न्या. आत मिळत नाही. आणि आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स.)

तीन वाजून दहा मिनिटांनी नंबर लागला. चव घेणाऱ्या मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला, तो कट् असा आवाज करून मोडला. भरीत त्यांनी दोनदा घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "चव चांगली आहे, पण रोटी ड्राय आहे." मी सांगायला लागले की ही रोटी नाही, आणि वेळ संपली.

परतीच्या गाडीत मी रडले. त्याच भाकऱ्या ताकात कुस्करून मी आणि नवऱ्याने खाल्ल्या. 2021 च्या मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी पांताभात ठेवला होता. पाण्यात भिजवलेला भात, बंगाली शेतकऱ्याची न्याहारी. त्या तिसऱ्या आल्या. तिथे ते अन्न काय आहे हे समजून घ्यायला परीक्षक थांबले. आपल्याकडेही जमतं. 2023 च्या मास्टरशेफ इंडियात आसामचे नयनज्योती सैकिया जिंकले, पहिल्या तिघांत दुसऱ्याही आसामच्याच संता शर्मा होत्या आणि तिसऱ्या आपल्या सुवर्णा बागुल. तो दिवस आमच्या घरी सणासारखा होता. त्याच पर्वात एका स्पर्धक बाईंना माशाऐवजी पनीर दिलं म्हणून प्रेक्षक चिडले होते. मला वाटतं, मासे न खाणाऱ्याला पर्याय द्यावा, जरूर द्यावा, पण मग तो सगळ्यांसमोर आधी जाहीर करावा. आणि एकाची अडचण समजून घेता येते, तर भाकरीवालीला तवाही देता येतो.

पुढच्या वर्षी मी परत गेले. या वेळी आदल्या दिवशी कल्याणला चुलत बहिणीकडे मुक्काम केला, पहाटे चारला उठून पातोड्या थापल्या. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळता असतानाच थर्मासमध्ये भरला, पातोड्या वेगळ्या डब्यात. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या, नाहीतर रस्सा लवकर कोमट होतो. पाच तासांनी मी तो ओतला तेव्हा वाफ आली. मॅडम वेगळ्या होत्या. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मी पुढच्या फेरीत गेले! त्या वाफेचा मला आजही अभिमान आहे.

ताट घरचंच न्या, पितळेचं असेल तर घासून. तिथली पांढरी ताटं कमी पडतात.

पुढची फेरी मुलाखतीची. "घरच्यांचा विरोध होता का? काही संघर्ष?" असं तीनदा विचारलं. माझा नवरा डबे घेऊन बाहेर उन्हात उभा होता, विरोध कुठून आणू? मी पातोड्यांबद्दल बोलत राहिले. नंतर फोन आला नाही.

मी त्यांना मेल पाठवलाय. एवढंच मागितलंय की हॉलच्या कोपऱ्यात दोन इंडक्शन शेगड्या ठेवा, आणि दोनशे किलोमीटरच्या पलीकडून आलेल्यांचे नंबर सकाळी आधी घ्या. उत्तर अजून नाही. यंदाचा फॉर्म मात्र परवाच भरला. 'खाद्यप्रकार' या रकान्यात 'महाराष्ट्रीयन' असा एकच पर्याय होता. मी 'इतर' निवडलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'खान्देशी. गरम वाढावी लागते.'